बो-८ चं पाणी: एकाच प्रकल्पाचं पाच तऱ्हांचं लेखन

लातूर जिल्ह्यातलं एक गाव, आणि तिथे पिण्यासाठी वापरात असलेले १२ बोअर (बो-१ ते बो-१२). पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने या बोअरचं पाणी मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये तपासलं. एकूण २४ नमुने, मुख्य प्रश्न नायट्रेटचा. प्रयोग ठीक झाला. मग त्याच आकड्यांवरून पाच गोष्टी लिहिल्या गेल्या: प्रॅक्टिकलची वही, प्रबंधिका (डिझर्टेशन), परिषदेसाठीचा सारांश (आणि पोस्टर), नियतकालिकाला पाठवलेला शोधनिबंध, आणि ग्रामपंचायतीला दिलेलं दोन पानी टिपण. निबंध परीक्षकांकडे जायच्या आधीच संपादकांकडून परत आला. टिपणाने गावाला कळवलं, की सगळ्या बोअरचं पाणी नायट्रेटच्या मर्यादेत आहे. प्रत्यक्षात ऑक्टोबरमध्ये १२ पैकी ५ बोअर मर्यादेच्या वर होते.

हे प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे. गाव, विद्यार्थिनी आणि मोजमापं कुणा एकाची नाहीत. पद्धत, मानकं आणि नियम मात्र खरे आहेत.

आकडा कुठे घसरला

नायट्रेट मोजायला तिने अतिनील वर्णपटमापनाची पद्धत वापरली, म्हणजे नमुना अतिनील प्रकाश किती शोषतो ते पाहण्याची. बहुतेक विभागांत त्यासाठीचा स्पेक्ट्रोफोटोमीटर असतोच, म्हणून हीच सोयीची पडते. गाळलेल्या ५० मि.लि. नमुन्यात १ मि.लि. ‘एक नॉर्मल’ तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, २२० नॅनोमीटरला शोषण वाचायचं आणि २७५ ला पुन्हा वाचायचं. विरघळलेले सेंद्रिय पदार्थही २२० ला थोडं शोषण दाखवतात, म्हणून २७५ च्या वाचनाची दुप्पट २२० च्या वाचनातून वजा करायची. ही वजाबाकी २२० च्या वाचनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त निघाली, तर त्या नमुन्याला ही पद्धत लागू नाही. मग प्रमाणित (प्रमाण आधीच माहीत असलेल्या) द्रावणांच्या आलेखावरून उत्तर काढायचं.

प्रमाणित द्रावणासाठी वाळवलेलं पोटॅशियम नायट्रेट ०.७२१८ ग्रॅम घेऊन १ लिटर करतात. या द्रावणात लिटरमागे १०० मि.ग्रॅ. नायट्रोजन असतो. नायट्रेट १०० मि.ग्रॅ. हवं असतं, तर वजन ०.१६३१ ग्रॅम घ्यावं लागलं असतं. म्हणजे या पद्धतीचं उत्तर ‘नायट्रोजनच्या रूपात’ येतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००:२०१२, मर्यादा देतं ती ‘नायट्रेटच्या रूपात’: ४५ मि.ग्रॅ./लि., आणि पर्यायी स्रोत नसला तरी तीत सवलत नाही. नायट्रेटचा रेणुभार ६२, त्यातल्या नायट्रोजनचा अणुभार १४. ६२ भागिले १४, म्हणजे ४.४३. मोजलेल्या आकड्याला ४.४३ ने गुणल्याशिवाय ४५ शी तुलना करताच येत नाही. उलट बाजूने पाहिलं तर नायट्रोजनच्या रूपात मर्यादा फक्त १०.१६ आहे.

ऑक्टोबरचे तिचे आकडे, बो-१ ते बो-१२ या क्रमाने: ४.१, ६.८, ११.३, १२.६, ३.९, १०.८, ७.४, १३.९, ५.२, ११.९, ८.३, ६.६. रकान्याच्या डोक्यावर नुसतं ‘नायट्रेट, मि.ग्रॅ./लि.’. सगळ्यात मोठा आकडा १३.९, मर्यादा ४५. निष्कर्ष: पाणी उत्तम. खरं तर बो-८ चं नायट्रेट ६१.६ होतं, बो-३, ४, ६ आणि १० हेही ४५ च्या वर.

गाईड सरांनी प्रबंधिका वाचली, बहिःस्थ परीक्षकांनी वाचली, परिषदेत पोस्टरसमोर लोक थांबले. कुणालाच हे दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं काही लिहिलेलंच नव्हतं. पद्धतीच्या प्रकरणात ‘नायट्रेट प्रमाणित पद्धतीने मोजले’ एवढंच वाक्य होतं. त्यात ०.७२१८ हा एक आकडा असता, तरी रसायनशास्त्राच्या कुठल्याही वाचकाला शंका आली असती. पद्धत सविस्तर लिहायची ती एवढ्यासाठी, की लिहिणाऱ्याची चूक दुसऱ्याला पकडता यावी.

वही: कच्ची खरी, पक्की देखणी

चूक शोधताना तिच्या दोन वह्या निघाल्या. एक ‘रफ’, पाण्याचे डाग पडलेली, गावात आणि प्रयोगशाळेत वापरलेली. दुसरी ‘फेअर’, मॅडमची सही झालेली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष अशा मथळ्यांखाली सुवाच्य अक्षरात उतरवलेली ही वही गुण मिळवून देते. रफ वहीतली एक ओळ अशी होती: ‘बो-८: मोटार ५ मि. चालवून, स. ७.४०, गोठा ९ पावलं, २५ चे ५० केले, वाचन ६.९५ एन.’

त्या ओळीतला ‘एन’ म्हणजे नायट्रोजन, आणि २५ चे ५० म्हणजे नमुना दुप्पट पातळ केला. आलेखाचा पल्ला शून्य ते ७ मि.ग्रॅ./लि. नायट्रोजन एवढाच असल्याने ते करणं भागच होतं. ६.९५ ची दुप्पट १३.९. गोठ्याचं अंतर पावलांत लिहिलं होतं, ते पुढे टेपने मोजता आलं. फेअर वहीत यातलं काय उतरलं? फक्त १३.९. ‘एन’ गेला, पातळ केल्याची नोंद गेली, गोठा गेला. कृतीचा भाग मागच्या बॅचच्या वहीवरून जसाच्या तसा उतरवलेला होता, त्यामुळे तोही या प्रयोगाबद्दल काहीच सांगत नव्हता.

आपल्याकडच्या प्रॅक्टिकलच्या पद्धतीतला हा जुना दोष आहे आणि त्याचं खापर एकट्या विद्यार्थ्यावर फोडण्यात अर्थ नाही. सही नीटनेटक्या वहीवर मिळते. मग खाडाखोड लपवणं हेच शिक्षण होतं. वैज्ञानिक लेखनातली पहिली आणि सगळ्यात कमी शिकवली जाणारी तऱ्हा म्हणजे हीच कच्ची वही. तिचा वाचक एकच: सहा महिन्यांनंतरचे आपण. त्या वाचकाला आठवण नसते, हे धरून लिहायचं.

अशा कामात वहीत काय हवं, ते पाणी भरल्यापासून सुरू होतं. तारीख, वेळ, बोअरचा क्रमांक, पाणी भरण्याआधी मोटार किंवा हापसा किती वेळ चालवला, बाटली कशाची. नमुना बर्फाच्या पेटीत ठेवला का, आणि प्रयोगशाळेत किती वाजता पोचला. नायट्रेटचा नमुना ४ अंश सेल्सिअसला ठेवून ४८ तासांच्या आत तपासायचा असतो. मे महिन्यात एसटीने तीन तास उन्हातून आलेल्या बाटलीचं उत्तर तसं लिहिल्याशिवाय वाचणाऱ्याला तोलता येत नाही. प्रयोगशाळेत दोन्ही तरंगलांबींची मूळ वाचनं, कोऱ्या द्रावणाचं वाचन, आलेखाचं समीकरण, पातळ करण्याचं प्रमाण. नुसतं शेवटचं उत्तर कधीच नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि बारीक सही. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे, व्हाइटनर बंद.

प्रबंधिकेतून निबंध ‘कापून’ निघत नाही

प्रबंधिका ८४ पानांची होती. तिच्यातून १४ पानं वेचून निबंध तयार केला गेला, आणि तो परत येण्याचं हेच खरं कारण. संपादकांच्या पत्राचा आशय तीन ओळींचा: प्रश्न स्पष्ट नाही, पद्धत पुन्हा करून पाहता येईल इतकी दिलेली नाही, निष्कर्ष आकड्यांच्या पलीकडे जातात.

प्रबंधिका परीक्षक वाचतो. विद्यार्थ्याने विषय वाचलाय का, हाताने काम केलंय का, हे त्याला तपासायचं असतं. म्हणून तिथे पाण्याच्या गुणधर्मांवर प्रकरण चालतं, उपकरणाचं चित्र चालतं, प्रत्येक जुन्या अभ्यासावर एक परिच्छेद चालतो. निबंधाच्या वाचकाला लिहिणाऱ्याची परीक्षा घ्यायची नसते. त्याला हवं असतं: काय माहीत नव्हतं, तुम्ही काय केलं, काय निघालं, त्याचा अर्थ काय. प्रस्तावना, पद्धत, निष्पत्ती, चर्चा हा चार भागांचा साचा या प्रश्नांमधून आला. लंडनच्या रॉयल सोसायटीचं नियतकालिक १६६५ साली सुरू झालं तेव्हा निबंध पत्रासारखे असत. हा साचा सर्रास झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

तिच्या निबंधाची सुरुवात ‘पाणी म्हणजे जीवन’ अशी होती. पुढे पृथ्वीचा किती भाग पाण्याने व्यापलाय ते, मग औद्योगिकीकरण, मग सहा पानं ‘अमुक यांनी अमुक साली अमुक नदीचा अभ्यास केला’. लातूर आलं ते त्यानंतर. दुरुस्त प्रस्तावना चार परिच्छेदांत बसली. मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे आणि भूजल खडकाच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरांत साठतं; अशा उथळ थरांत वरून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर नायट्रेट पोचू शकतं; पाऊस ते पातळ करतो की मातीतून धुऊन खाली नेतो, हे जागेवर अवलंबून आहे; म्हणून एकाच गावातले तेच बोअर पावसाआधी आणि नंतर मोजले. बस. जुने अभ्यास साल-वार मांडायचे नसतात, मुद्द्याभोवती गोळा करायचे असतात: नायट्रेट वाढलेलं कुणाला दिसलं, घटलेलं कुणाला, आणि दोघांच्या परिस्थितीत फरक काय. (तेच सहा पानी वाचन ‘आढावा लेख’ म्हणून दुसरीकडे पाठवायचा विचार होता. तो सोडलेला बरा. आढावा लेखात कुठे शोधलं, कोणते शब्द वापरले, काय घेतलं आणि काय वगळलं हे सांगावं लागतं आणि शेवटी स्वतःचं मत असावं लागतं.)

निष्पत्तीच्या भागात तीन दुखणी होती. पहिलं, सरासरी ‘८.५६६७ ± ०.९९’ अशी लिहिलेली. उपकरण एका दशांशापर्यंत विश्वासाचं असताना चार दशांश छापणं म्हणजे कॅलक्युलेटरचं म्हणणं उतरवणं. शिवाय ± नंतरचा आकडा कशाचा, हे कुठेच नाही. तो सरासरीची प्रमाण त्रुटी (सरासरी किती खात्रीची आहे याचा अंदाज) होता. नमुन्यांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) ३.४ होतं. बोअर-बोअरमधला फरक दाखवायचा असेल तर विचलनच द्यावं लागतं, आणि ते दिलं की लक्षात येतं, की हे १२ बोअर एकमेकांपासून खूप वेगळे आहेत. त्रुटी दिली की सगळे सारखे वाटतात.

दुसरं, चाचणी. मे आणि ऑक्टोबरचे आकडे दोन स्वतंत्र गट मानून टी-चाचणी (सरासऱ्यांतला फरक नुसता योगायोगाचा असू शकतो का, हे पाहणारी) केली होती. मूल्य आलं १.८३, २२ स्वातंत्र्यांशांना (२४ नमुने वजा २ गट) ५ टक्के पातळीवर २.०७ लागतं, म्हणजे फरक ठरला नाही. तरी मजकुरात ‘सिग्निफिकंट वाढ’ लिहिलेलं, कारण आलेखात काड्या उंच दिसत होत्या. मुळात बोअर तेच होते, म्हणून प्रत्येक बोअरचा स्वतःशीच फरक घेणारी जोडीची चाचणी हवी. ती केल्यावर मूल्य ३.९१ आलं, ११ स्वातंत्र्यांशांना २.२० पुरतं. वाक्य योगायोगाने बरोबर निघालं, पण आधी ते कशावरही उभं नव्हतं.

तिसरं दुखणं जास्त खोल. सरासरी नायट्रेटच्या रूपात ३८ येते, म्हणजे ४५ च्या आतच. ‘गावाची सरासरी मर्यादेत’ हे वाक्य खरं आहे आणि दिशाभूल करणारंही आहे, कारण सरासरीचं पाणी कुणीच पीत नाही. मर्यादेशी तुलना असेल तिथे किती ठिकाणं वर, किती खाली, आणि कमाल किती, हे आधी सांगायचं.

चर्चेच्या भागात लिहिलं होतं, की नायट्रेट युरियामुळे वाढलं. युरिया किती पडला, कुणाच्या शेतात, हे मोजलेलं नव्हतं. वाचनात वारंवार आलेलं कारण आपोआप निष्कर्षात शिरलं. शिवाय शिवारात सोयाबीन जास्त, त्याला नत्र उसाच्या मानाने कमीच लागतं. रफ वहीतली पावलं इथे कामाला आली. मर्यादेवरच्या ५ बोअरपैकी ४ बोअर गोठ्यापासून किंवा उकिरड्यापासून १५ मीटरच्या आत होते. उरलेल्या ७ पैकी एकच. १२ बोअरवरून कारण सिद्ध होत नाही, म्हणून दुरुस्त वाक्यात ‘जवळच्या शेणखताशी सुसंगत’ एवढंच राहिलं. शोषखड्ड्यांची अंतरं घेतलेली नव्हती, तेही मर्यादा म्हणून लिहिलं.

मजकुराच्या साम्याचा अहवाल २७ टक्के आला होता, आणि त्यातला बराचसा भाग सीनियरच्या प्रबंधिकेतून आलेल्या पद्धतीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधिकेसाठी १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यावं लागतं. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रत सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यांची मोजणी होत नाही. टक्का खाली आणायला शब्द फिरवत बसण्यापेक्षा स्वतः केलेली पद्धत स्वतःच्या आकड्यांसह लिहिली, की टक्का आपोआप उतरतो. इथेही तसंच झालं.

सारांश, आणि घाईत पोस्टर

परिषदेला पाठवलेला मूळ सारांश मराठीत सांगायचा तर असा: ‘पाणी हा मानवी जीवनाचा अत्यावश्यक घटक आहे. वाढती लोकसंख्या व रासायनिक खतांच्या अतिवापरामुळे भूजल प्रदूषित होत आहे. प्रस्तुत अभ्यासात विविध बोअरच्या पाण्याचे विश्लेषण करण्यात आले. पावसाळ्यानंतर नायट्रेटमध्ये लक्षणीय वाढ आढळली. सर्व मूल्ये मर्यादेत आढळली. अधिक संशोधनाची गरज आहे.’ यात एकही आकडा नाही. गावाचं नाव बदललं तर हा सारांश कुठल्याही जिल्ह्याला चालेल, आणि त्यात हीच खोट आहे.

दुरुस्त केलेला: ‘लातूर जिल्ह्यातील बेसाल्ट क्षेत्रातील एका गावात पिण्याच्या वापरातील १२ बोअरमधील नायट्रेट मे व ऑक्टोबरमध्ये अतिनील वर्णपटमापनाने मोजले. नायट्रेटच्या रूपातील सरासरी २७.५ वरून ३८ मि.ग्रॅ./लि. झाली (जोडीची टी-चाचणी, पी ०.०१ पेक्षा कमी), १० बोअरमध्ये वाढ दिसली. ऑक्टोबरमध्ये ५ बोअर ४५ मि.ग्रॅ./लि. या मर्यादेच्या वर होते, कमाल ६१.६. त्यांपैकी ४ बोअर गोठा किंवा उकिरड्यापासून १५ मीटरच्या आत होते. निरीक्षण एका वर्षापुरते आहे.’

सारांश आणि शीर्षक शेवटी लिहायचं. आधी तक्ता पक्का करावा, मग पद्धत, निष्पत्ती, चर्चा, त्यानंतर प्रस्तावना. इंग्रजीत लिहिताना अडलं, तर निष्पत्तीचं वाक्य आधी वर्गातल्या मैत्रिणीला मराठीत एका दमात सांगून पाहावं. सांगता येत नसेल तर अडचण इंग्रजीची नाही.

पोस्टरवर निबंधाची पानं चिकटवली होती. दोन मीटरवरून एक अक्षर वाचता येत नव्हतं. एकच आलेख पुरे होता: १२ बोअर, प्रत्येकी दोन ठिपके, आडवी ४५ ची रेघ.

ग्रामपंचायतीचं टिपण

या टिपणाचे वाचक म्हणजे सरपंचताई, ग्रामसेवक आणि आशाताई. पहिल्या टिपणात स्पेक्ट्रोफोटोमीटरचं वर्णन अर्धं पान होतं. बोअर कोणता, हे बो-८, बो-४ असंच लिहिलेलं. निबंधात क्रमांक बरोबर आहेत, कारण खासगी बोअरमालकाची ओळख उघड करायची नसते. गावात मात्र ‘बो-८’ कुणालाच कळत नाही. तिथे ‘मारुतीच्या पाराजवळचा सरकारी बोअर’ असंच लिहावं लागतं. खासगी बोअर असेल, तर त्या घरी स्वतंत्रपणे सांगायचं, जाहीर कागदावर नाही.

दुरुस्त टिपणाची पहिलीच ओळ चुकीची कबुली देणारी हवी: ‘मागील टिपणात सर्व बोअरचे पाणी नायट्रेटच्या मर्यादेत असल्याचे लिहिले होते. ते चुकीचे होते. तो कागद रद्द समजावा.’ नवी माहिती गुपचूप दिली, तर गावात दोन कागद फिरतात आणि जुना जास्त दिलासा देणारा असल्याने तोच टिकतो. नियतकालिकं शुद्धिपत्र छापतात तेही याच कारणासाठी.

त्यानंतर लगेच काय करायचं ते. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या वरच्या दुधासाठी या पाच बोअरचं पाणी वापरू नये, कारण जास्त नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते. उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते वाढतंच. क्लोरीननेही जात नाही. हे ठळक लिहायलाच हवं, कारण ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला गावात आधीच पाठ असतो. आरओ यंत्राने कमी होतं. मर्यादेत निघालेल्या सात बोअरची यादीही हवी. पर्याय न देता नुसती भीती घालणारं टिपण कुणी पाळत नाही. विद्यार्थ्याचं मोजमाप हा अधिकृत अहवाल नव्हे, म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत फेरतपासणीसाठी नमुने द्यावेत, ही विनंती शेवटी. सगळं एका पानात, मोठ्या अक्षरात. टक्के, पी-मूल्यं, प्रमाण विचलन यांचं तिथे काही काम नाही. ४५ आणि प्रत्येक बोअरचा आकडा पुरतो.

निबंध पुन्हा पाठवताना त्याची तऱ्हाही बदलली. एक गाव, एक वर्ष, २४ नमुने यांवर पूर्ण लांबीचा निबंध ताणला, की चर्चा फुगते आणि परीक्षक तिथेच बोट ठेवतो. म्हणून तो सुमारे १,८०० शब्दांचं लघुनिवेदन म्हणून मांडला: एक तक्ता, एक आलेख, पद्धतीत ०.७२१८ ग्रॅम आणि ४.४३ चा गुणक स्पष्ट, प्रत्येक रकान्यावर ‘नायट्रेटच्या रूपात’. संपादकांच्या पत्रात हे काम प्रबंधिकेचा भाग होतं आणि तिथल्या आकड्यांचं रूपांतर चुकलं होतं, असं सरळ लिहिलं. प्रबंधिकेची दुरुस्त पानं विभागात दिली. पुढच्या मे महिन्याच्या फेरीसाठी वहीत दोन रकाने वाढवले: शोषखड्ड्याचं अंतर मीटरमध्ये आणि बोअरची खोली.